डॉक्टर येण्यापूर्वीचा उपचार: प्रगत परिचारिका आणि सोलापूर जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्यसेवा

सोलापूर जिल्ह्यात अकरा तालुके आहेत आणि २०११ च्या जनगणनेनुसार येथे ४३ लाखांहून अधिक लोक राहतात. मोठ्या आजारात त्यांचा शेवटचा सरकारी आधार म्हणजे सोलापूर शहरातील छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, ज्याला सारा जिल्हा ‘सिव्हिल’ म्हणूनच ओळखतो. करमाळ्याच्या माणसाला हे सिव्हिल शंभर किलोमीटरहून अधिक लांब पडते. मात्र माणसाला वर्षभरात ज्या तक्रारींसाठी दवाखान्याची पायरी चढावी लागते, त्यांतील बहुतेक तक्रारींना सिव्हिलची गरजच नसते. कोणाची बीपीची गोळी संपलेली असते, कोणाच्या पायाची जखम शुगरमुळे भरत नसते, कोणाला सातवा महिना लागलेला असतो, कोणाच्या बाळाचा ताप उतरत नसतो. हा पहिल्या पायरीवरचा उपचार, म्हणजेच प्राथमिक आरोग्यसेवा, घरापासून जवळ, रोजगार न बुडवता आणि आपली जुनी माहिती असलेल्या माणसाकडून मिळायला हवी. ती देण्यासाठी प्रत्येक ठिकाणी एमबीबीएस डॉक्टरच लागतो का, की विशेष शिक्षण घेतलेली परिचारिका हे काम तितक्याच जबाबदारीने करू शकते, या प्रश्नावर जगभर गेली साठ वर्षे काम झालेले आहे. त्याची उत्तरे आपल्या जिल्ह्याला कशी लागू पडतात, हे येथे समजून घेऊ.

आधी थोडा हिशेब मांडू, कारण तो मांडल्याशिवाय प्रश्नाचा आकार लक्षात येत नाही. सरकारी निकषांनुसार सपाट प्रदेशात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे लागते. पाच हजारांच्या वस्तीत तिशी ओलांडलेली माणसे साधारण अठराशे धरता येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत देशातील १५ वर्षांवरील २४ टक्के पुरुषांचा आणि २१ टक्के स्त्रियांचा रक्तदाब वाढलेला, किंवा त्यासाठी औषध चालू असलेला, आढळला होता. वय वाढते तसे हे प्रमाणही वाढते, म्हणून अठराशेंपैकी चौथा हिस्सा, म्हणजे साडेचारशे माणसे रक्तदाबाची आहेत असे धरणे मुळीच अतिशयोक्तीचे नाही. या साडेचारशे जणांनी महिन्यातून एकदा बीपी मोजून गोळ्या न्यायच्या ठरवल्या, तर पंचवीस कामाच्या दिवसांत रोज अठरा माणसे येतील. उपकेंद्रात रोज अठरा माणसे नीट तपासणे जमण्यासारखे आहे. पण हीच सगळी माणसे प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवली, तर सहा उपकेंद्रांचे मिळून रोज शंभराहून अधिक रुग्ण केवळ बीपीसाठी रांगेत उभे राहतील. त्यात शुगर, ताप, लसीकरण, साप चावलेली माणसे, बाळंतपणे आणि पोलीस केसचे दाखले वेगळेच. एक किंवा दोन वैद्यकीय अधिकारी हा भार पेलू शकत नाहीत. ते कितीही मन लावून काम करणारे असले तरी दिवसाचे तास वाढत नाहीत, आणि रुग्णाच्या वाट्याला दोन मिनिटेच येतात.

प्रगत परिचारिका म्हणजे नेमकी कोण

आपल्याकडे परिचारिकेचे शिक्षण अनेक पायऱ्यांचे आहे. दोन वर्षांचा एएनएम अभ्यासक्रम करून आरोग्य सेविका होता येते, तीन वर्षांचा जीएनएम आहे, चार वर्षांची बीएस्सी नर्सिंग पदवी आहे आणि त्यावर दोन वर्षांची एमएस्सी. या सगळ्यांना लोक सरसकट ‘सिस्टर’ म्हणतात, त्यामुळे त्यांच्या शिक्षणातला आणि अधिकारातला फरक बाहेरच्या माणसाच्या ध्यानात येत नाही. प्रगत परिचारिका या पायऱ्यांच्याही पुढची आहे. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने २०२० साली घालून दिलेल्या मार्गदर्शनानुसार तिच्यासाठी किमान पदव्युत्तर शिक्षण अपेक्षित आहे. रुग्णाची हकिगत घेणे, अंग तपासणे, चाचण्या सांगणे, निदान करणे, औषध लिहून देणे आणि आपल्या आवाक्याबाहेरचा रुग्ण वेळीच पुढे पाठवणे, ही कामे ती स्वतःच्या जबाबदारीवर करते. साध्या परिचारिकेहून ती वेगळी ठरते ती याच ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ या अटीमुळे. डॉक्टरने सांगितलेली सुई देणे हे परिचर्येचे काम आहे. सुई द्यायची की नाही हे ठरवणे आणि त्या निर्णयाचे उत्तरदायित्व घेणे हे प्रगत परिचर्येचे काम आहे.

या व्यवस्थेचा उगम अमेरिकेत झाला. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिका-प्राध्यापिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून अशा परिचारिकांचा, म्हणजे तेथील ‘नर्स प्रॅक्टिशनरां’चा, पहिला अभ्यासक्रम सुरू केला. ग्रामीण आणि गरीब वस्त्यांतील मुलांना डॉक्टर मिळत नव्हते, आणि तेथे आधीपासून जाणाऱ्या सार्वजनिक आरोग्य परिचारिका पुष्कळ काही करू शकतील, पण त्यांना तशी मुभा नव्हती, ही त्यामागची साधी जाणीव होती. आज अमेरिकेत अशा नर्स प्रॅक्टिशनरांची संख्या साडेतीन लाखांच्या पुढे गेली आहे आणि निम्म्याहून अधिक राज्यांत त्या कोणाही डॉक्टरच्या देखरेखीचा करार न करता स्वतंत्रपणे दवाखाना चालवू शकतात. उरलेल्या राज्यांत त्यांना कमीअधिक प्रमाणात डॉक्टरशी बांधून घ्यावे लागते. ज्या गावात डॉक्टर नाही म्हणून परिचारिका जायला तयार आहे, तेथेच तिला करारासाठी डॉक्टर शोधावा लागतो, ही त्या राज्यांतली मोठी अडचण आहे आणि ती आपल्यालाही ओळखीची वाटेल. ब्रिटनने वेगळा मार्ग घेतला. तेथे २००६ पासून ठरावीक जादा प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांना, नियंत्रित पदार्थांवरील बंधने सोडता, कोणत्याही आजारासाठी परवानाप्राप्त औषध लिहून देण्याची मुभा मिळाली.

पुरावा कुठे भक्कम आहे आणि कुठे नाही

परिचारिकेने डॉक्टरचे काम केले तर रुग्णाचे नुकसान होईल ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर भावनेने देता येत नाही. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात बर्लिंग्टन या गावी १९७० च्या दशकाच्या आरंभी एक प्रयोग झाला. एका दवाखान्यातील कुटुंबे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागून काहींना डॉक्टरकडे, तर काहींना नर्स प्रॅक्टिशनरकडे दिली गेली आणि वर्षभराने पाहिले असता दोन्ही गटांच्या प्रकृतीत फरक आढळला नाही. त्यानंतर अशा अनेक चाचण्या झाल्या. २०१८ साली वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने त्यांपैकी १८ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. प्राथमिक उपचारात परिचारिकांचे काम डॉक्टरांच्या बरोबरीचे, आणि रक्तदाबासारख्या काही बाबतींत किंचित सरस, असल्याचे त्यात दिसून आले. परिचारिका रुग्णाला अधिक वेळ देतात आणि रुग्ण अधिक समाधानी असतात, असेही आढळले.

हा आढावा वाचताना एक गोष्ट मात्र नजरेआड करू नये. त्या १८ पैकी केवळ एक चाचणी मध्यम उत्पन्नाच्या देशातली होती. बाकी सगळ्या श्रीमंत देशांतल्या. म्हणून आपल्यासाठी दक्षिण आफ्रिकेचा अनुभव जास्त मोलाचा आहे. तेथे एचआयव्हीचे रुग्ण लाखोंनी होते आणि औषध सुरू करणारे डॉक्टर मोजके. फ्री स्टेट प्रांतातील चाचणीत प्रशिक्षित परिचारिकांनी एचआयव्हीची औषधे सुरू केली व पुढे चालवली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्यांच्या रुग्णांमधील विषाणूचे नियंत्रण डॉक्टरांच्या रुग्णांहून कमी पडले नव्हते.

उलट बाजूही आहे. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांतील नोंदींवर २०२२ साली दोन अर्थशास्त्रज्ञांनी केलेल्या अभ्यासात नर्स प्रॅक्टिशनरांकडे गेलेले रुग्ण विभागात जास्त वेळ थांबले आणि त्यांच्यावरचा खर्चही वाढला, असे आढळले. मला या दोन प्रकारच्या निष्कर्षांत विसंगती वाटत नाही. आपत्कालीन विभागात येणाऱ्या माणसाच्या छातीत दुखण्यामागे आम्लपित्तापासून हृदयविकाराच्या झटक्यापर्यंत काहीही असू शकते आणि तेथे दीर्घ वैद्यकीय शिक्षणाचा कस लागतो. बीपी, शुगर, गरोदरपण, बालकांचे नेहमीचे आजार येथे मात्र ठरलेल्या पद्धतीने, सातत्याने आणि मन लावून पाठपुरावा करण्यावर सगळे अवलंबून असते. परिचारिकेला काम सोपवताना ते दुसऱ्या प्रकारचे असावे, आणि पहिल्या प्रकारचा रुग्ण दारात आला तर काय करायचे हे तिला पक्के ठाऊक असावे.

एक मोजणी जवळून पाहू. दक्षिण सोलापूर तालुक्यात, शहराला लागून, कुंभारीच्या आसपास विडी कामगारांच्या मोठ्या वसाहती आहेत. तेथील स्त्रीची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते. तेंदूची पाने भिजवायची, कापायची, तंबाखू भरून विडी वळायची आणि तयार माल कारखान्यात नेऊन द्यायचा. हातावर पोट असलेल्या या बाईला सिव्हिलला जायचे तर तिचा अर्धा दिवस आणि त्या दिवसाच्या विड्या जातात. समजा अशी पंचेचाळीस वर्षांची एक बाई जवळच्या केंद्रावर आली. तिचे बीपी नीट मोजायचे तर तिला आधी पाच मिनिटे पाठ टेकवून शांत बसवावे लागते, पाय जमिनीवर टेकलेले, दंड हृदयाच्या पातळीवर आधार दिलेला, मोजताना बोलणे बंद. अर्ध्या तासाच्या आत चहा घेतला आहे का, मिश्री लावली आहे का, हे विचारावे लागते, कारण दोन्हींमुळे आकडा वर जातो. एकदा मोजून भागत नाही. थोड्या वेळाने पुन्हा मोजायचे. मग तिला समजावायचे की डोके दुखत नसले तरी गोळी सोडायची नाही. महिन्याने पुन्हा बोलवायचे, आकडा अजून चढा असेल तर ठरलेल्या क्रमाने मात्रा वाढवायची किंवा दुसरी गोळी जोडायची, आणि ती आलीच नाही तर आशाताईंना तिच्या घरी पाठवायचे. या कामाला दहा-पंधरा मिनिटे लागतात. त्यात गुंतागुंतीचे निदान नाही, पण दोन मिनिटांत उरकण्यासारखेही काही नाही. २०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने नेमकी हीच रीत अंगीकारली: सर्वांसाठी एकच सोपा औषधक्रम, गावाजवळ गोळ्यांचा पुरवठा, आणि मोजणी व पाठपुराव्याचे काम परिचारिका व इतर आरोग्य कर्मचाऱ्यांकडे.

भाषेचा मुद्दाही येथे सांगायला हवा, कारण सोलापुरात तो टाळता येत नाही. शहराच्या पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटच्या सीमेकडे कन्नड, अनेक मोहल्ल्यांत उर्दू, आणि सर्वत्र मराठी अशी ही वस्ती आहे. बदली होऊन आलेला डॉक्टर पुष्कळदा मराठी किंवा हिंदीत विचारतो आणि आजी मान डोलावते. त्याच भागात वाढलेली परिचारिका तिला तिच्या बोलीत ‘गोळी रोज घेता की फक्त चक्कर आल्यावर?’ असे विचारू शकते, आणि उपचार फसतो तो बहुधा याच प्रश्नाच्या उत्तरावर.

आपल्याकडची मांडणी

कमी कालावधीचे वैद्यकीय शिक्षण देऊन खेड्यांत माणसे पाठवण्याचा विचार भारताला नवा नाही. स्वातंत्र्यापूर्वी परवानाधारक (लायसेन्शिएट) डॉक्टरांचा असा वर्ग होता. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानंतर तो मागे पडला आणि एमबीबीएस हीच एकमेव पातळी ठरली. पुढे छत्तीसगडने २००१ साली तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला आणि त्यातून बाहेर पडलेले ग्रामीण वैद्यकीय सहायक प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमले. त्यांच्या कामाची तुलना एमबीबीएस डॉक्टरांशी करणाऱ्या अभ्यासात नेहमीच्या आजारांबाबत त्यांची कुवत डॉक्टरांच्या तोडीची आढळली. आसामातील अशाच अभ्यासक्रमाचा कायदा मात्र उच्च न्यायालयाने रद्द ठरवला आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला; वैद्यकीय शिक्षणाची पातळी ठरवण्याचा अधिकार केंद्राचा असल्याने राज्याला परस्पर तसा कायदा करता येत नाही, हे त्यामागचे कारण होते. म्हणजे काम चांगले होत असूनही कायद्याचा पाया कच्चा असेल तर व्यवस्था टिकत नाही.

केंद्राच्या पातळीवर २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने मधल्या स्तरावरील सेवादात्यांची कल्पना मांडली आणि २०१८ साली आयुष्मान भारत योजनेतून ती प्रत्यक्षात आली. देशभरातील दीड लाख उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे ‘आरोग्यवर्धिनी केंद्रे’ करण्याचे ठरले. पुढे त्यांचे नाव ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ झाले. अशा प्रत्येक उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी नेमला जातो. महाराष्ट्रात या पदासाठी बीएएमएस, बीयूएमएस किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्यांना घेऊन त्यांना नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करावा लागतो. लोक ज्यांना ‘सीएचओ मॅडम’ किंवा ‘सीएचओ सर’ म्हणतात ते हेच. उपकेंद्रात त्यांच्याबरोबर आरोग्य सेविका, आरोग्य सेवक, आशा आणि अंशकालीन स्त्री परिचर असा संघ असतो. गरोदर माता व बालकांपासून रक्तदाब, मधुमेह, कर्करोगाची प्राथमिक तपासणी, डोळे, दात, मानसिक आरोग्य, वृद्धांची काळजी अशा बारा प्रकारच्या सेवा तेथे मिळाव्यात, अशी योजना आहे. केंद्राच्या यादीप्रमाणे उपकेंद्रावर १०५ औषधे व १४ चाचण्यांची सोय असायला हवी, आणि ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून दूरच्या डॉक्टरचा सल्ला तेथूनच घेता यायला हवा.

समुदाय आरोग्य अधिकारी आणि वर सांगितलेली प्रगत परिचारिका यांत मोठे अंतर आहे, हे स्पष्ट सांगितलेले बरे. अमेरिकेतील नर्स प्रॅक्टिशनर पदव्युत्तर पदवी घेऊन, राष्ट्रीय परीक्षा देऊन काम करते. आपल्याकडे पदवीनंतर सहा महिन्यांचे प्रशिक्षण. दीर्घकालीन आजाराचे औषध आपल्याकडे वैद्यकीय अधिकाऱ्याने सुरू करायचे आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने ते पुढे देत राहायचे, अशी सर्वसाधारण रीत आहे. सहा महिन्यांच्या शिक्षणाला हे बंधन योग्यच आहे. मात्र परिचारिकेला पुढे शिकून अधिक अधिकार मिळवायचे असतील, तर त्यासाठी चढायला पुरेशा पायऱ्या नाहीत, ही खरी उणीव आहे. अतिदक्षता विभागासाठी दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम २०१६-१७ च्या सुमारास आला. २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी प्रसूतिसेवेसाठी अठरा महिन्यांच्या मिडवाइफरी प्रशिक्षणाची वाट उघडली. दोन्ही पावले चांगली आहेत. पण खेड्यातल्या पहिल्या पायरीसाठी, जेथे गरज सर्वाधिक आहे, तेथे सहा महिन्यांच्या पुढचे शिक्षण, त्याला जोडलेले पद आणि त्या पदाचा पगार ही साखळी अजून जुळलेली नाही.

कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ च्या कलम ३२ मध्ये ‘कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडर’ना मर्यादित परवाना देण्याची तरतूद आहे, अशा व्यक्ती प्राथमिक व प्रतिबंधक उपचारापुरती ठरवून दिलेली औषधे स्वतंत्रपणे आणि इतर बाबतीत डॉक्टरच्या देखरेखीखाली देऊ शकतात, आणि त्यांची संख्या नोंदणीकृत डॉक्टरांच्या एक-तृतीयांशाहून जास्त असू शकत नाही. या कलमाविरुद्ध डॉक्टरांनी देशभर संप केला होता. अर्धवट शिकलेल्यांच्या हाती ग्रामीण रुग्ण सोपवले जातील, ही त्यांची भीती उडवून लावण्यासारखी नाही. ‘शहराला डॉक्टर आणि खेड्याला कोणीही’ असा भेद कोणालाच मान्य होऊ नये. पण त्या भीतीचे उत्तर अधिक चांगले शिक्षण आणि पक्की देखरेख हे आहे. दुसरी गोष्ट म्हणजे २०२३ चा राष्ट्रीय परिचर्या व मिडवाइफरी आयोगाचा कायदा. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी तो केलेला आहे, आणि परिचारिकांच्या शिक्षणाच्या व अधिकाराच्या पुढील पायऱ्या आखण्याची जागा त्यातील आयोगात आहे.

बार्शीने दाखवलेले

परिचारिकेच्या हातून काय होऊ शकते याचा एक मोठा पुरावा आपल्याच जिल्ह्याशी जोडलेला आहे. बार्शीला १९८७ पासून देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. तेथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहभागाने शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात खेड्यांच्या ५२ गटांतील १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची चाचणी झाली. नमुने घेण्याचे आणि तपासणीचे काम प्रशिक्षित परिचारिकांनी गावोगावी जाऊन केले. २००९ साली निष्कर्ष आले, तेव्हा ज्या गटात आयुष्यात एकदाच एचपीव्ही, म्हणजे या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या विषाणूची, चाचणी झाली होती, त्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आलेले होते. जगभरातील तपासणीचे धोरण बदलण्यात या खेड्यांतल्या स्त्रियांचा वाटा आहे, आणि सोलापूरकरांना हे फारसे ठाऊक नसावे याची मला खंत वाटते.

त्याच चाचणीत ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याच्या पद्धतीने मृत्यू लक्षणीय कमी झाले नाहीत. या पद्धतीत गर्भाशयमुखावर सौम्य आम्ल लावून मिनिटभर थांबायचे आणि पांढरट डाग उमटतो का ते पाहायचे असते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीर्घकाळ चाललेल्या दुसऱ्या चाचणीत याच पद्धतीने, दर दोन वर्षांनी तपासणी करून, मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तेथे तपासणाऱ्या स्त्रिया दहावी शिकलेल्या आणि काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य कर्मचारी होत्या. एकाच पद्धतीचे दोन ठिकाणी दोन निकाल का लागले याचा विचार केला, की तपासणी किती वेळा झाली, प्रशिक्षणाची उजळणी कशी झाली आणि दोष आढळलेल्या बाईवर पुढे उपचार झाले की नाही, या गोष्टींचे वजन कळते. परिचारिकेने दोष शोधला आणि पुढे पाठवलेली बाई बार्शीपर्यंत किंवा सिव्हिलपर्यंत पोहोचलीच नाही, तर त्या शोधाचा तिला काहीच उपयोग नाही. म्हणून चिठ्ठी देऊन मोकळे होण्याऐवजी ती बाई पोहोचली का, काय निदान झाले आणि परत आल्यावर तिची औषधे कोण पाहणार, हे उपकेंद्राला कळवणारी व्यवस्था लागते.

अडते कुठे

शेजारच्या जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली सुरू केलेल्या प्रकल्पात आणि गडचिरोलीत अभय व राणी बंग यांच्या कामात खेड्यातल्या स्त्रियांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून जे करून दाखवले, त्यात प्रशिक्षण कधी संपलेच नाही. ते आठवड्या-महिन्याला चालूच राहिले आणि अडचणीच्या वेळी विचारायला जाणकार माणूस होता. सरकारी व्यवस्थेत नेमके हेच निसटते. समुदाय आरोग्य अधिकारी कंत्राटी असतो, त्याच्या मानधनाचा काही भाग कामगिरीच्या निकषांवर मिळतो, आणि ते निकष ऑनलाइन नोंदींवरून मोजले जातात. त्यामुळे रुग्णासमोरचा वेळ मोबाइल आणि रजिस्टरांकडे वळतो. कायम नोकरी किंवा बढतीची वाट दिसत नसेल, तर शिकलेली परिचारिका खाजगी रुग्णालयाकडे, मोठ्या शहराकडे किंवा परदेशाकडे जाते, आणि तिला दोष देता येत नाही. साडेचारशे बीपीच्या रुग्णांची ओळख व्हायला दोन-तीन वर्षे लागतात. माणूस बदलला की नव्याला ती ओळख पुन्हा पहिल्यापासून करून घ्यावी लागते.

औषधांचा पुरवठा हा दुसरा कच्चा दुवा. बीपीचा रुग्ण दोनदा रिकाम्या हाताने परतला की तिसऱ्यांदा येत नाही. तो मेडिकलमधून चार गोळ्या आणतो, त्या संपल्या की थांबतो. अशा वेळी परिचारिकेचे शिक्षण, तिचा स्वभाव, तिची भाषा यांतले काहीच कामी येत नाही. तिसरा दुवा डॉक्टरच्या पाठबळाचा. ज्या परिचारिकेला फोनवर ‘हा रुग्ण पाठवू की येथेच पाहू’ असे विचारता येते आणि उत्तर मिळते, ती धीराने काम करते. जिला ते मिळत नाही, ती एकतर सगळ्यांनाच पुढे पाठवते किंवा पाठवायला हवा तो रुग्ण ठेवून घेते.

यातील काही गोष्टी मुंबईत आणि दिल्लीत ठरतात, पण काही गावातच पाहता येतात. प्रत्येक आयुष्मान आरोग्य मंदिरासाठी जन आरोग्य समिती असते. उपकेंद्राच्या पातळीवर सरपंच तिचे अध्यक्ष असतात आणि समुदाय आरोग्य अधिकारी सदस्य सचिव. उपकेंद्राला वर्षाला ५० हजार रुपयांचा निर्बंधमुक्त निधी मिळण्याची तरतूद आहे, आणि तो कशावर खर्च करायचा हे ही समिती ठरवते. समितीच्या बैठकीत गावकऱ्यांना औषधसाठ्याची नोंदवही पाहता येते. बीपीच्या गोळ्या मागील तीन महिन्यांत किती दिवस संपलेल्या होत्या, तिशीवरील किती जणांची तपासणी झाली, पुढे पाठवलेल्या रुग्णांपैकी किती जणांचा निकाल परत आला आणि सीएचओ मॅडमना महिन्यातून किती दिवस इतर कामांसाठी तालुक्याला जावे लागते, हे प्रश्न तेथे विचारून त्यांची उत्तरे बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घेता येतात. ते इतिवृत्त तालुका आरोग्य अधिकाऱ्यांपर्यंत गेले, की औषधे आणि माणसे मागण्यासाठी उपकेंद्राच्या हाती एक लेखी आधार येतो.